दहाव्या मिनिटाचे ठोके

६ सप्टेंबर

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्ही "काय? काय?" करता, मग मी ओरडते आणि शेजारचे लोक खिडकी उघडून बघतात. म्हणून हे पत्र. आईचं म्हणणं, बरंच झालं, पत्रात तरी दादाला मधेच तोडून बोलता येणार नाही.

मिरी मजेत आहे. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात त्याला परवा तीन महिने होतील. पहिले पंधरा दिवस ती तबेल्याच्या फाटकाकडे तोंड करून उभी राहायची आणि माझ्याकडे पाहुण्यासारखी बघायची. आता माझी सायकल ओळखते. चंदीचं घमेलं खाली ठेवायच्या आतच त्यात तोंड घालते, म्हणजे मला घरचं मानलंय.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये साठ किलोमीटरची घोडदौड आहे, तिच्यात मी नाव दिलंय. रागवू नका. अर्ध्या वाटेवर घोडा थांबवतात आणि डॉक्टर त्याच्या छातीचे ठोके मोजतात. वीस मिनिटांत ते चौसष्टच्या खाली आले नाहीत तर तिथूनच परत. म्हणजे कोण किती पळतं यापेक्षा कुणाचा दम किती लवकर बसतो, हे महत्त्वाचं. त्यासाठी मी एक पट्टा आणलाय. एक चकती तंगाखाली, म्हणजे पोटाच्या पट्ट्याखाली, एक खोगिराखाली, दोन्ही ओल्या स्पंजने भिजवायच्या, की घोडीचे ठोके माझ्या मनगटावरच्या घड्याळात दिसतात. हसा खुशाल. मी सोळा वर्षं वेधशाळेत ठरल्या वेळी तापमान आणि हवेतला ओलावा लिहून ठेवतेय. आकडा लिहिला नाही तर मला दात न घासल्यासारखं वाटतं.

पहिल्या रविवारची नोंद: उभी असताना ३६. तळ्याला पूर्ण फेरी, सहा किलोमीटर, एकसारखी दुडकी, तेव्हा १४८. उतरल्यावर दहाव्या मिनिटाला ७२. हे बरं की वाईट?

आणि तुम्ही तिला कधी एवढ्या लांब नेलं होतं का?

तुमची,
टाचणी

---

१५ सप्टेंबर

टाचणे,

पत्र मिळालं. इथे सातव्या मजल्यावरून खाली गाड्यांची टपं दिसतात आणि समोर दुसरा सातवा मजला दिसतो. सून जपते. नात मला घोडा करून पाठीवर बसते, तेव्हा धंदा अगदीच बंद पडलेला नाही.

पट्ट्याला हसलो नाही. मी आयुष्यभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं ते जबड्याखाली दोन बोटं ठेवून. तिथे शीर लागते. पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचं. तूही शिकून घे. चकत्या सुकल्या की पट्टा वाटेल ते आकडे फेकतो म्हणे, तेव्हा बोटं उपयोगी पडतील.

उभ्या घोडीचे ३६ उत्तम. ते आणखी कमी होतील म्हणून वाट बघत बसू नकोस, घोड्याचं तसं नसतं. बघायचं ते वेगळंच. त्याच वाटेवर, त्याच चालीला आकडा उतरतोय का? आणि दहाव्या मिनिटाला किती उरतोय? तुझे ७२ म्हणजे घोडी खाऊन-पिऊन सुखात आहे, पण कामाची सवय गेलीय. आठवड्यातून एकदाच मोज. रोज मोजलंस तर वेड लागेल, घोडीला नाही, तुला. एखादी प्लास्टिकची पिशवी उडाली तरी वीस ठोके चढतात. तो दम नव्हे, दचकणं. आणि ज्या आठवड्यात अंतर वाढवशील त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही.

वाट मऊ धर. तळ्यापलीकडच्या खडीच्या उतारावरून तिला पळवू नकोस. का ते विचारू नकोस, म्हाताऱ्याची सवय समज.

तुझ्या आईला सांग, मी कुणाला मधेच तोडत नाही. लोकच फार लांबण लावतात.

मामा

---

२६ ऑक्टोबर

मामा,

आकडे आधी लिहिते, नाहीतर बोटं शिवशिवतात. त्याच फेरीला, त्याच दुडकीला: १४८, मग १४१, मग १३६, आणि गेल्या रविवारी १३१. दहाव्या मिनिटाला: ७२, ६६, ६०, ५६. शेजारच्या रकान्यात तापमान आणि ओलावा लिहिते, कारण दमट दिवशी तिला निवायला चार मिनिटं जास्त लागतात. वेधशाळेतल्या साहेबांनी वही बघितली आणि विचारलं, "हे कुठल्या ठाण्याचे आकडे?" मी म्हटलं, "तबेल्याचे."

नालबंद परवा आला होता. नाल ठोकता ठोकता म्हणाला, "बाई, घोडीच्या छातीत नवा भाता बसवलात की काय?" मी दिवसभर हवेत होते.

तुम्हाला खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी संसार मोडून मी आईकडे परत आले, तेव्हापासून मला रविवारची धास्ती वाटायची. इतर दिवशी नोकरी असते. रविवारी आई आणि मी एकमेकींना न दुखवता घरभर फिरत असायचो. आता रविवारी मी सहाला बाहेर पडते आणि घोड्याच्या वासाने भरून परत येते. आई नाक दाबते आणि नाश्ता वाढते. आम्ही भांडतो सुद्धा, अगदी मोकळेपणाने.

मऊ वाटेनेच जाते, काळजी नको. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं तुमच्याकडून. विसरला असाल.

टाचणी

---

४ डिसेंबर

मामा,

तुमचं शाबासकीचं पत्र मिळालं, पण आज मी ते घेण्याच्या लायकीची नाही. काहीतरी बिघडलंय.

गेल्या रविवारी त्याच फेरीला १४४. मला वाटलं, चकत्या सुकल्या. पुन्हा भिजवल्या. या रविवारी १५०. दहाव्या मिनिटाला ७४, म्हणजे सप्टेंबरपेक्षाही वाईट. जबड्याखाली बोटं ठेवून मोजलं, तेवढेच आले. हवा थंड, ओलावा कमी, वारा नाही. हवेला दोष देता येत नाही. सकाळी गव्हाणीपाशी शांत उभी असतानाही ४४ होते. खाते-पिते नेहमीसारखी. ताप नाही. लंगडत तर मुळीच नाही, मी तिला पुढून-मागून चालवून बघितलं.

मधे मला सर्दी झाली होती, तेव्हा पाच दिवस ती नुसती उभी होती. तेवढ्यात दम गेला असेल का? मला तरी तसंच वाटतंय. मार्चला तीनच महिने उरले. येत्या रविवारी तिला टेकडीवर नेऊन चढाचं काम करून घ्यावं म्हणते. घाम निघाला की ताळ्यावर येईल. तुमचं काय मत? लवकर लिहा.

टाचणी

---

७ डिसेंबर

टाचणे,

तुझं पत्र आत्ता मिळालं. रविवारच्या आत हे पोचायचं नाही, म्हणून मुलाला तुझ्या वेधशाळेत फोन करायला लावलाय. तो फक्त एवढंच सांगेल की घोडीवर बसू नकोस, पत्र येतंय. बाकीचं मलाच लिहायला हवं.

पाच दिवस उभं राहून घोड्याचा दम असा जात नाही. वाटही तीच, चालही तीच, हवा चांगली, तरी ठोके वाढलेत आणि उभ्या-उभ्याही वाढलेत, याचा अर्थ तिला कुठेतरी दुखतंय. लंगडत नसली तरी दुखतंय. घोडा दुखणं लपवतो, छाती लपवत नाही. पुढचा उजवा पाय बघ. गुडघ्याखाली मागच्या बाजूने जी जाड शीर, रक्ताची नव्हे, दोरीसारखी, खुरापर्यंत उतरते, तिच्यावर हात ठेव आणि मग डाव्या पायाच्या शिरेवर ठेव. उजवी गरम लागेल.

हे मला इतकं नेमकं कसं माहीत, ते विचारशीलच. चार वर्षांपूर्वी ती शीर दुखावली होती.

तेव्हा रायडिंग स्कूलचा वार्षिक कार्यक्रम होता. त्याच्या आदल्या दिवशी नालबंदाने मला थांबवलं. "मास्तर, ऐका की, उजवी टाप हलकी पडतेय." मी कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. एक टाप नव्हे, चारही नीट ऐकू येत नव्हत्या. त्याच्या आधी वर्षभर माझे कान गेले होते आणि मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ज्याने सगळ्यांना टापा ऐकायला शिकवलं, तो आपण बहिरा झालो असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी मान डोलावली आणि म्हणालो, "ठीक आहे, काही नाही." दुसऱ्या दिवशी तिला अडथळ्यांवरून उडवलं. तिसऱ्या उडीला ती बसली.

सहा महिन्यांनी ती उभी राहिली, पण मला ठाऊक होतं की जपावं लागणार. तुला दिली तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि दुसऱ्या कुणी तिला घेतलं नसतं, किंवा भलत्याने घेतलं असतं. दुसरंही एक कारण आहे. शिरेचं सांगायचं म्हणजे कानाचं सांगावं लागलं असतं.

तिला कधी लांब नेलं होतं का, असं तू मला दोनदा विचारलंस. मी दोनदा टाळलं.

डॉक्टरला आजच बोलाव.

मामा

---

१४ डिसेंबर

मामा,

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पायाची सोनोग्राफी केली. शीर फाटलेली नाही, सुजलीय. आणखी एक टेकडी चढवली असती तर फाटली असती, असं म्हणाल्या. दीड महिना तबेल्यात, दिवसातून तीनदा थंड पाण्याच्या धारेखाली पाय, नंतर नुसतं हाताने धरून चालवणं. मार्च संपला.

मी घोडीला "आळशी" म्हणाले होते. रविवारी उतरताना तिच्या तोंडावर म्हणाले होते.

तुम्ही एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं. एक ओळ.

आत्ता याहून जास्त लिहिलं तर वाईट लिहीन.

टाचणी

---

२० जानेवारी

दादा,

तुझी दोन पत्रं आली. तिने उत्तर दिलं नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहितेय. तिला सांगू नकोस.

ती पत्रं वाचते. दोन्ही तिच्या वहीत ठेवलीत, मी साफसफाई करताना बघितली. सकाळी, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी जाऊन घोडीच्या पायावर पाणी धरते. हात लाल करून येते. मी परवा तिच्याबरोबर गेले. मला त्या जनावराची भीती वाटते हे तुला माहीतच आहे, मी बादलीवर बसून लांबूनच बघत होते. ती घोडीशी बोलते, दादा. एवढं ती माझ्याशी वर्षभरात बोलली नसेल. मग मला बघून म्हणाली, "आई, जरा नळी धर." मी धरली. अर्धं पाणी माझ्याच पायावर.

तू कान दाखवायला गेलास की नाही? तुझे कान गेलेत हे मला तुझ्याआधी कळलं होतं. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. आपल्या घरात सगळेच असे गप्प बसून एकमेकांची वाट बघतात. माझंच चुकलं, मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

तुझी धाकटी

---

३१ जानेवारी

टाचणे,

हे तिसरं पत्र. उत्तराची सक्ती नाही.

काल कानाची यंत्रं बसवून घेतली. फ्रीज इतका घुमतो हे मला माहीत नव्हतं. नात सगळं गाण्यात बोलते हेही माहीत नव्हतं. आता फोनवरही ऐकू येतं, पण जे लिहून लपवलं ते लिहूनच फेडावं म्हणून फोन केला नाही.

मिरी तुझ्यावर ओझं झाली असेल तर स्पष्ट सांग. मी सगळं खरं सांगून तिच्यासाठी नुसतं चरायचं कुरण शोधीन. ती तुला दिली तेव्हा मी ते करायला हवं होतं.

ती अंगाने बारीक होऊ नये म्हणून गवत वाढव, चंदी कमी कर. उभ्या घोडीला धान्य पचत नाही.

मामा

---

१६ फेब्रुवारी

मामा,

मिरी कुठेही जाणार नाही. तो विषय संपला.

गवत वाढवलंय, चंदी निम्मी केलीय. कालपासून वीस मिनिटं चालवते. उभी असताना ३८. पायाची उष्णता गेली.

मला वाटलं होतं की तुम्ही पुरते वाकाल तोवर लिहायचंच नाही. मग परवा जुनी वही उघडली आणि नोव्हेंबरचं पान समोर आलं. १२ तारखेला मी "तळ्याची फेरी" असं लिहिलंय. ते खोटं आहे, मामा. त्या दिवशी मी खडीच्या उतारावरून तिला भरधाव नेलं होतं. १९ लाही. तुम्ही नको म्हणाला होतात, आणि मी तुम्हाला लिहिलं होतं की मऊ वाटेनेच जाते. आकडे सुरेख येत होते, मला वाटलं आता हिला काहीही झेपेल. पुढच्याच रविवारी १४४ दिसले. तुमची कबुली हातात धरून मी दोन महिने तुमच्यावर रागावले, आणि माझी ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनासुद्धा सांगितली नाही.

सोळा वर्षांत मी वेधशाळेत एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. घोडीच्या वहीत लिहिला. आज खोडून खरं लिहिलं.

आई आता रोज नळी धरते. मिरीला "अगं बाई" म्हणते. मिरी तिच्या पदराला तोंड पुसते.

टाचणी

---

२० ऑगस्ट

मामा,

परवाची घोडदौड झाली. साठची नव्हे, तीसचीच. फोनवर मी "नंतर सांगते" म्हणून ठेवून दिला, कारण ते बोलायला जमलं नसतं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मार्चपासून नुसती चाल, मेपासून दुडकी, जुलैत चढ. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सोनोग्राफी करून परवानगी दिली. गेले पाच रविवार दहाव्या मिनिटाला ५४, ५३, ५४, ५२, ५३. इतकी नेमाने चालणारी नोंद मी कुठल्याच यंत्राची बघितलेली नाही.

सकाळी सातला निघालो. चोवीस घोडे. ढगाळ हवा, वाट मऊ, मिरीचे कान पुढे. पंधरा किलोमीटर कसे गेले कळलं नाही, आम्ही सहाव्या होतो. थांब्यावर खोगीर काढलं, अंगावर पाणी मारलं, सावलीत फिरवलं. दहाव्या मिनिटाला बघितलं तर ६६.

पुन्हा मोजलं. बोटांनी मोजलं. ६६.

सोळाव्या मिनिटाला ६० झाले. तिथल्या डॉक्टरांनी मोजले, पाय दाबून बघितले, चालवून बघितलं, आणि म्हणाले, "उत्तम. पास. जा." आई दोरीपलीकडे उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, हिचे दहाव्या मिनिटाला ५३ असतात."

ते म्हणाले, "बाई, नियम वीस मिनिटांत चौसष्टचा आहे. तुम्ही नियमात आहात. गर्दी आहे, गाणी वाजतायत, घोडी थोडी बावरली असेल."

"असेल," मी म्हटलं. मला स्वतःलाही तेच वाटत होतं. पाय थंड होते. ती गवत खात होती. वर्षभर ज्यासाठी खपले ते पुढे पंधरा किलोमीटरवर होतं. मी खोगीर उचललं, तिच्या पाठीपर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

"आम्ही थांबतो," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर सही केली.

आई म्हणाली, "अगं, पास झाली ना?" मी म्हटलं, "झाली." मग तिने माझ्या हातातली बादली घेतली. गाडी यायला दोन तास होते. आम्ही तिघी झाडाखाली बसलो, म्हणजे मिरी उभी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला नखशिखान्त तपासलं. काहीही सापडलं नाही. सकाळी ३६, पाय स्वच्छ. गर्दीनेच बावरली असणार. आम्ही गेलो असतो तर बहुतेक पहिल्या दहांत आलो असतो.

रडू आलं थोडं, खोटं कशाला लिहू? पण पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा थांबेन. आता तुमचं मत सांगा, आणि गोड लिहू नका.

टाचणी

---

२९ ऑगस्ट

टाचणे,

पत्र सुनेला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मला वाचता येतं, पण ऐकायचं होतं. "खोगीर खाली ठेवलं" इथे ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, मग?" मी म्हटलं, "मग काय, वाच पुढे."

तुला गोड नको, तर ऐक. सहावा नंबर, पास झालेली घोडी आणि दोरीपलीकडे टाळ्या वाजवणारी आई, एवढं सगळं समोर असताना मी खोगीर खाली ठेवलं नसतं. तरुणपणी नाही, म्हातारपणी तर नाहीच. घोडीला काही झालेलं नव्हतं हे तुला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी तुला ते ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही त्यावर तू तिला पळवलं नाहीस.

मी घोड्यावर बसून सुरू केलेलं काहीच कधी अर्धवट सोडलं नाही. ही गोष्ट मी शिष्यांना, सोयऱ्यांना, मुलाला, आता नातीलासुद्धा छातीठोकपणे सांगत आलोय. यापुढे नाही सांगणार.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेची तिकिटं काढलीत. पंधरा दिवस राहीन. तू घोडीवर बस, मी शेजारून चालेन. फार पुढे जाऊ नका म्हणजे झालं.

मामा